शुक्रवार, सहाची वेळ आणि तिसरी रेघ

१

शुक्रवारी संध्याकाळी सहाला पाच कमी असताना केर्त्तू लेह्तोला तळघरातल्या सॉनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायच्या खोलीच्या, दाराशी उभी होती. काखेत टॉवेल, हातात वाफेत अंगावर झोडून घ्यायची भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी, पायांत लाकडी सपाता. सव्वीस वर्षं ती दर शुक्रवारी याच वेळी, याच दाराशी, याच सपातांत उभी राहत आली होती. पंधरा वर्षांमागे नवऱ्याला पोचवून आली त्या शुक्रवारीही तिने सहाची वेळ चुकवली नव्हती.

आज मात्र दारावरच्या छोट्या पडद्यावर तिचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं: हिल्का तोइक्का, 2E33.

आणि जिन्यावरून, काखेत टॉवेल घेऊन, हिल्का तोइक्का स्वतः उतरत होती.

ताम्पेरे शहरातल्या कूसिकातू या रस्त्यावर जो राहिला नाही, त्याला या प्रसंगाची भीषणता कळणार नाही. सोसायटी एक, इमारती दोन: उताराच्या पायथ्याला क्रमांक दोन, माथ्यावर क्रमांक वीस. दोन्ही एकाच नकाशावर बांधलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या. A पासून E पर्यंत पाच-पाच जिने, जिन्याला आठ-आठ घरं. सॉना मात्र दोघींत मिळून एकच. त्यातली शुक्रवारची वेळ मिळावी म्हणून माणसं तब्येत सांभाळून जगतात, कारण ती रांग फक्त कुणी मेलं तरच सरकते. क्रमांक वीसमधला एक गृहस्थ म्हणे शहाण्णव वर्षांचा झाला, तो केवळ मागच्याला वेळ मिळू नये म्हणून.

हिल्का त्या रांगेत अकरा वर्षं उभी होती. दुपारी तिच्या फोनवर निरोप आला होता: "शुक्रवारची वेळ तुम्हाला मिळाली आहे. तास दारावर पाहा." तिला वाटलं, A जिन्यातले दवाखान्यात असलेले आजोबा गेले वाटतं. तिला वाईटही वाटलं. पण त्याआधी क्षणभर आनंद झाला होता, आणि तो तिला चांगलाच आठवत होता.

"अगं, तू?" केर्त्तू म्हणाली.

"केर्त्तू, मला काहीच माहीत नाही गं..."

केर्त्तूने पडद्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, मग हिल्काकडे. "मागितली असतीस ना हिल्का, तर दिलीसुद्धा असती मी," ती म्हणाली, आणि सपाता वाजवत वर निघून गेली.

शनिवारी सकाळी साडेआठला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, केर्त्तूने कॉफीला हाक मारली नाही.

२

हिल्का चौऱ्याहत्तर वर्षांची होती. चाळीस वर्षं तिने इथल्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती. सकाळच्या अंकातला एक उलटा स्वल्पविराम तिला दिवसभर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा छळत असे. चोरीचा आळ तिने कसाबसा सहन केला असता. केर्त्तूच्या घरातून वेलदोड्याच्या पावाचा वास येत असताना आपल्या स्वयंपाकघरात एकटीने कॉफी प्यायची, हे तिला सहन होणारं नव्हतं.

ती तडक तौनो पिरिनेनच्या दारात गेली. तौनो निवृत्त गणितशिक्षक, सोसायटीचा चिटणीस, आणि सॉनाच्या वेळांचं पान वेबवर बांधणारा तो एकमेव थोर पुरुष. ऑगस्टपर्यंत या वेळा सॉनाच्या दाराशी खिळ्याला टांगलेल्या कागदावर असत. तौनोने तो कागद काढला आणि जग आधुनिक केलं.

"बसा हिल्काबाई," तो म्हणाला, "पण सांगून ठेवतो, माझं पान चुकत नाही."

"माणसं चुकतात, पानं नाहीत. चाळीस वर्षं हेच ऐकत आले. दाखवा."

तौनोने नोंदवही उघडली. नोंदी स्वच्छ होत्या. लागोपाठ तीन बुधवारी, दुपारी दोनच्या सुमारास, '2E37 ने वेळ सोडली' अशी नोंद. 2E37 म्हणजे क्रमांक दोन, E जिना, घर सदतीस. केर्त्तूच.

"पहिल्या दोन्ही वेळा मीच परत लावून दिली," तौनो म्हणाला. "म्हटलं, म्हातारं माणूस, बोट लागलं असेल. पण नियम आहे. दोनदा सोडली तर चूक, तिसऱ्यांदा सोडली तर इच्छा. तिसऱ्यांदा ती रांगेतल्या पहिल्या माणसाला गेली."

"म्हणजे मला."

"म्हणजे तुम्हाला." तौनोने चष्मा पुसला. मुलाला फळ्याशी बोलावण्याआधी तो असाच पुसत असणार. "बुधवारी दोनला केर्त्तू गायनवर्गाला असते. तिचा परवलीचा शब्द फ्रिजवर चिकटवलेला असतो. आणि तिच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते? झाडांना पाणी घालायला?"

हिल्काचा हात खिशाकडे गेला. किल्ली तिच्याच खिशात होती.

"अजून ऐका. पस्तीसमधल्या नर्सबाईंची वेळही मागे एकदा अशीच गेली. तुमच्या E जिन्यातल्या आठांपैकी दोघींना फटका. तुमच्या तेहतीसला कधी धक्का लागला? उद्या रविवारी सभा आहे. तिथे मला हे वाचावं लागेल. मला आनंद नाही होत."

"होतोय थोडासा," हिल्का म्हणाली. उठता उठता तिची नजर त्याच्या दारामागच्या सूचनेवर गेली. जुनीच सूचना, जिन्याजिन्यात लावलेली: 'एक ऑक्टोबरपासून घरक्रमांक मोकळी जागा न सोडता लिहिला जाईल. पानात स्वच्छता राखली आहे.'

"ही कसली स्वच्छता?"

"लोक कसंही लिहायचे हो! कुणी मध्ये एक जागा सोडायचा, कुणी दोन. रेइनोने तर एकदा चार सोडल्या. मी सगळ्या काढून टाकल्या. आता कसं सुटसुटीत."

शब्दांतली जागा कुणी खाल्ली की हिल्काच्या मानेवर काटा येई. चाळीस वर्षांची सवय. आत्ताही आला. का, ते मात्र तिला कळेना.

३

योर्मा, सोसायटीचा देखभालवाला, तळघरात पाइपाला फडकं गुंडाळत होता. पानावर उघड उघड दात असलेला माणूस एकच, तो योर्मा. तो खिळ्यावरचा कागद त्याचा होता. सुतारी पेन्सिलीने तो वेळा लिहायचा आणि त्याच पेन्सिलीने कानातला मळ काढायचा.

"तू केलंस का रे?" हिल्काने सरळच विचारलं.

"करावंसं फार वाटलं होतं," योर्मा म्हणाला. "पण मला ते यंत्र उघडताच येत नाही, ताई. मी अजून मायक्रोवेव्हला घाबरतो."

"मग कुणी केलं?"

"पानानेच केलं. दुसरं कोण? माझ्या कागदावरून तेवीस वर्षांत कुणाची वेळ उडाली नाही. एकदा उंदराने मंगळवार खाल्ला, तेवढंच. आणि खरं सांगायचं तर पानाने पण पहिले पाचेक आठवडे उडवली नाही. हे सगळं ऑक्टोबरपासूनचं."

"ऑक्टोबरपासून? नक्की?"

"पहिला बुधवार ऑक्टोबरातला. त्या दिवशी केर्त्तूबाई रडवेल्या होऊन आल्या होत्या माझ्याकडे." योर्माने फडक्याला गाठ मारली आणि हसू लागला. "गंमत बघा. खालच्या इमारतीत एकीची वेळ नको असताना जाते, आणि वरच्या इमारतीत एकाची हवं असून जात नाही!"

"कुणाची?"

"रेइनोची. बुधवारी पाचची वेळ त्याची. तीन बुधवार माझ्याकडे येऊन चिडतोय. 'योर्मा, मी सोडतोय तरी माझं नाव पडद्यावर लोचटासारखं बसलंय!' मी म्हटलं, तौनोला सांग. तर म्हणाला, तौनोला नको, कुणालाच नको, आणि तूही बोलू नकोस." योर्माने जीभ चावली. "अरे देवा. आत्ता बोललोच की मी."

हिल्का जिन्यावर पोचलीसुद्धा होती.

४

बाहेर ओला बर्फ पडत होता, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असा. हिल्का चढ चढून क्रमांक वीसला पोचली तेव्हा तिच्या टोपीचं वजन दुप्पट झालं होतं.

रेइनो हा विधुर. तीस वर्षं बस चालवली, त्यामुळे बोलतानाही तो आरशात पाहिल्यासारखा मागे बघायचा. दारावर पाटी होती: 20 E 36.

"रेइनो, तुम्ही बुधवारची वेळ का सोडताय?"

"कोण सोडतंय?" तो दचकला. "बुधवारच्या मंडळींत मी एकवीस वर्षं आहे. माझ्यावाचून दगड तापत नाहीत, असं म्हणतात."

"मला चोर म्हणतायत, रेइनो. केर्त्तूने माझ्याशी बोलणं टाकलंय. तुमचं गुपित माझ्याकडून फुटणार नाही, पण ते मला हवंय."

रेइनोने बराच वेळ कॉफी ओतली. कप भरला, बशी भरली, तरी तो ओततच राहिला.

"तळ्याकाठी सार्वजनिक सॉना आहे ना," तो शेवटी म्हणाला. "तिथे बुधवारी पाचला एक बाई येतात. लैला म्हणून. थंड पाण्यात अशा उतरतात हिल्काबाई, जणू घरच्या जिन्यावरून चालल्यात. आता एकाच वेळी मी दोन सॉनांत कसा बसू? आणि इथल्यांना सांगू कसा? जन्मभर चिडवतील."

"म्हणून वेळ सोडलीत."

"दर बुधवारी, जेवून उठलो की. दोनच्या सुमारास. 'वेळ सोडा' दाबतो, पान म्हणतं 'सोडली, धन्यवाद'. आणि दारावर पाहावं तर माझं नाव आपलं तसंच! तीनदा झालं."

"मग?"

"मग परवा गुरुवारी डोकं फिरलं. चौथ्यांदा दाबलं. आणि गेलं की हो लगेच! चौथ्यांदा एकदम मुकाट्याने गेलं."

हिल्का बशीतली कॉफी फुंकून फुंकून प्यायली, म्हणजे तेवढा वेळ विचार करता येईल. तीन बुधवार दोनला रेइनो दाबतो. तीन बुधवार दोनला केर्त्तूची वेळ जाते. तिसऱ्या बुधवारी केर्त्तूचं नाव यादीतून कायमचं उडतं. गुरुवारी रेइनोचं नाव एका दाबात जातं. जणू केर्त्तू त्याच्या पुढ्यात उभी होती, आणि त्याच्यासाठी झाडलेली प्रत्येक गोळी तिला लागत होती.

"तुमच्या शेजारी, चौतीसमध्ये कोण राहतं?"

"राहायचे. म्हातारबुवा होते. मुलीकडे गेले या महिन्याच्या सुरुवातीला. जाताना सगळं सोडून गेले, घर, सायकल, सॉनाची वेळ."

"सॉनाची वेळ सोडून गेले. पस्तीसच्या नर्सबाईंची गेली त्याच सुमारास?"

"ते मला काय माहीत?"

पण हिल्काला माहीत होतं. चौतीसने सोडली की पस्तीसची जाते. छत्तीसने सोडली की सदतीसची जाते. वरच्या इमारतीतल्या घराचा आकडा, आणि खालच्या इमारतीतल्या घराचा त्याहून एकाने मोठा. तिने रेइनोच्या कॉफी गाळायच्या कागदावर पेन्सिलीने दोन्ही पत्ते लिहिले, तौनोच्या सूचनेप्रमाणे, मोकळ्या जागा न सोडता.

2E37

20E36

आणि चाळीस वर्षांची मुद्रितं एकदम तिच्या मदतीला धावली.

"रेइनो," ती हळूच म्हणाली, "हे पत्ते नाहीतच."

५

रविवारी दुपारी सभेच्या खोलीत कॉफीची मोठी किटली उकळत होती आणि खुर्च्या पुरत नव्हत्या. एरवी सभेला सात माणसं येतात, त्यांतली दोन झोपतात. आज क्रमांक वीसमधून सुद्धा माणसं उतरून आली होती. केर्त्तू खिडकीशी बसली होती, हिल्काकडे न बघता.

तौनोने नोंदी वाचल्या. किल्लीचं वाचलं, फ्रिजचं वाचलं. खोलीत कुजबुज झाली.

"माझा एकच प्रश्न आहे," हिल्का उठली. "तौनो, कुणी 'वेळ सोडा' दाबलं की तुमचं पान काय करतं? आम्हाला कळेल असं सांगा."

"सोपं आहे. दाबणाऱ्याचा घरक्रमांक घेतं, यादीत वरून खाली जातं, प्रत्येक नावाशी ताडून बघतं. जो पहिला सारखा सापडेल त्याची वेळ पुसतं आणि थांबतं."

"आणि नोंद कुणाच्या नावाने करतं?"

"ज्याची पुसली त्याच्या. दोघे एकच ना!"

"ते बघू. यादीत क्रमांक दोनची घरं वर, वीसची खाली. बरोबर? आणि ताडून बघायला तुम्ही काय लिहिता?"

"बरोबरीचं चिन्ह. दोनदा." तौनोने हवेत दोन चिन्हं काढली. "आमच्यात एक रेघ म्हणजे 'हे इथे ठेव'. दोन रेघा म्हणजे 'हे दोन्ही सारखे आहेत का?'" त्याच्या भाषेत चिन्हाला रेघच म्हणत.

"आणि तीन?"

तौनोने चष्मा वर सरकवला. "तीन म्हणजे... 'हे अगदी तेच आहे का?' पण तिसरी कशाला? दोनात भागतं."

"आम्ही वर्तमानपत्रात विज्ञानाचं पान काढायचो," हिल्का म्हणाली. "ताऱ्यांची अंतरं यायची. शून्यं मावायची नाहीत, म्हणून शास्त्रज्ञ आखूड लिहायचे. 2E3 म्हणजे दोनावर तीन शून्यं, दोन हजार. तौनो, 20E2 म्हणजे किती?"

"विसावर दोन शून्यं. दोन हज..." शिक्षकाचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमचं पान शिकलेलं आहे. घराचे पत्ते दिले तरी त्याला आकडे दिसले. 2E37 म्हणजे दोनावर सदतीस शून्यं. 20E36 म्हणजे विसावर छत्तीस शून्यं. मोजा."

खोलीतल्या निम्म्या लोकांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बोटं संपली. तौनोने मोजलं नाही. त्याने यंत्र उघडलं, दोन्ही पत्ते दोन रेघांच्या दोन बाजूंना टंकले आणि उत्तर मागितलं. भिंतीवर अक्षरं उमटली: खरं.

"माझ्या कागदाला एवढं गणित येत नव्हतं बुवा," मागून योर्मा म्हणाला. "म्हणून तो बिचारा बरोबर होता."

"पण माझ्या B जिन्यावर मी शंभर वेळा तपासलं होतं!" तौनो कळवळला.

"B ने काही होत नाही. A, C, D ने नाही. आकड्यांमध्ये फक्त E लाच ती विद्या येते. आणि तीसुद्धा मधल्या जागा होत्या तोवर झाकलेली होती. 2, मग जागा, मग E, असं असलं की पान त्याला मुकाट पत्ता समजायचं. तुम्ही एक ऑक्टोबरला स्वच्छता केलीत."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. पण खिडकीपाशी अजून कुणी हललं नव्हतं, आणि हिल्का जे काही बोलत होती ते त्या खिडकीसाठीच होतं.

"माझ्या तेहतीसला धक्का का लागला नाही, हे राहिलं. माझ्यावर गोळी झाडायला वरच्या इमारतीत 20E32 हवं. पण बत्तीस नंबर E जिन्यात नाहीच. तो D मध्ये येतो. मी वाचले ती चलाखीने नाही. माझा जिना तेहतीसपासून सुरू होतो, म्हणून वाचले."

"पण मग वरून 20E36 ने वेळ सोडली कशाला?" कुणीतरी विचारलं. "छत्तीस म्हणजे रेइनो ना? रेइनो, तू सॉना सोडलास?"

सगळ्या माना वळल्या. हिल्काने तोंड उघडलं, पण रेइनोच उभा राहिला, सवयीप्रमाणे एकदा मागे पाहिलं, आणि बसमध्ये थांब्याचं नाव पुकारावं तशा आवाजात म्हणाला, "बुधवारी पाचला मी तळ्यावर जातो. एका बाईंबरोबर. त्यांचं नाव लैला. आता काय चिडवायचं ते एकदाच चिडवा, हिल्काबाईंना किती दिवस चोर ठरवायचं?"

बुधवारच्या मंडळींनी अशा टाळ्या वाजवल्या की किटलीचं झाकण उडालं. शपथेवर सांगतो, ते छताला लागलं.

तौनोने सगळ्यांसमोर पानात तिसरी रेघ घातली. त्याने पुन्हा प्रश्न विचारला: 2E37 आणि 20E36 अगदी तेच आहेत का? भिंतीवर उमटलं: खोटं.

"सारखं असणं वेगळं," तो पुटपुटला, "आणि तेच असणं वेगळं." मग हिल्काकडे वळून म्हणाला, "हिल्काबाई, माफ करा. सूचना पुन्हा लावतो. मोकळ्या जागांसकट."

"सूचनेत 'स्वच्छता' शब्द नको," हिल्का म्हणाली.

पण ती वळली तेव्हा खिडकीपाशी खुर्ची रिकामी होती.

६

सोमवारी कॉफीला हाक आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या, तर केर्त्तूने मान खाली घातली. हिल्काला कळलं: आता ती रागावलेली नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि रागापेक्षा लाजेला जिना चढायला जास्त वेळ लागतो.

शुक्रवारी सहाला दहा कमी असताना दार वाजलं.

केर्त्तू उभी होती. लाकडी सपाता, भूर्जाची जुडी, आणि काखेत दोन टॉवेल.

"मी तुला चोर समजले," ती म्हणाली.

"समजलीस."

"एकोणीस वर्षं कॉफी पिऊन."

"केर्त्तू, मीही एक सांगते. तो निरोप आला ना, तेव्हा मला वाटलं A मधले आजोबा गेले. आणि मला आधी आनंद झाला."

केर्त्तूने टॉवेल दुसऱ्या काखेत घेतले. "ते घरी आलेत कालच," ती म्हणाली. "योर्मावर ओरडतायत, म्हणजे बरे आहेत. चल, दगड तापलेत."

वरच्या फळीवर दोघी शेजारी शेजारी बसल्या. घाम निथळू लागला.

"तू परत रांगेत पहिली ना?" केर्त्तूने विचारलं.

"पहिली. तौनोने लावलं नाव."

"म्हणजे मी मेल्यावर तुला मिळणार. घाई नाही ना?"

"मुळीच नाही. तू सावकाश घे."

केर्त्तूने बादलीतून पळीभर पाणी दगडांवर टाकलं. वाफ छताला लागून मानेवर उतरली. दुसरी पळी टाकली.

"मूर्ख दोघी सारख्याच," ती म्हणाली.

"सारख्या," हिल्का डोळे मिटून म्हणाली. "त्याच नाही."

केर्त्तू हसली, बादलीकडे वाकली आणि पळी हातात धरून थांबली. "तिसरी टाकू?"

"तिसरी टाकच बाई," हिल्का म्हणाली. "दोनात भागत नाही."